नोराबाईंचा किल्ला आणि राहिलेल्या नऊ पायऱ्या

न्यूझीलंडला सहा महिने राहून आले, तर साताऱ्यात मला प्रत्येकाने मेंढ्यांबद्दल विचारलं. मेंढ्या आहेत. भरपूर आहेत. खाली मान घालून चरतात आणि आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. मेंढ्यांबद्दल माझ्याकडे एवढंच आहे. मला सांगायचंय ते किल्ल्याबद्दल. ते विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण साताऱ्याच्या माणसाला वाटतं की किल्ले आपल्यापाशीच संपले.

हॉर्नबी

माझा मुलगा मंदार ख्राइस्टचर्चला हॉर्नबीत राहतो. हॉर्नबी म्हणजे कारखाने, गोदामं, एक मोठा मॉल, आणि मध्ये मध्ये घरं. जमीन परातीसारखी सपाट. मागच्या दारात उभं राहिलं की साताऱ्याला अजिंक्यतारा दिसतो, इथे शेजारणीची वाळत घातलेली चादर दिसायची. मंदार आणि सून केतकी सकाळी साडेसातला घर सोडत. त्यानंतर साडेपाचपर्यंत घरात मी आणि फ्रीज. फ्रीज तरी अधूनमधून आवाज करायचा.

ती चादर नोराबाईंची. वय एक्याऐंशी, म्हणजे माझ्याहून तेरा वर्षांनी मोठ्या. नर्स म्हणून आयर्लंडहून बाविसाव्या वर्षी आल्या आणि राहिल्या. नवरा गेलेला, मुलगी आयलीन दूर ड्युनेडिनला. भूकंपात घराचं धुराडं पडलं, ते त्यांनी परत बांधलंच नाही. म्हणाल्या, पडायचं होतं ते पडून झालं, आता निवांत.

आमची ओळख कुंपणावरून झाली. त्यांनी लाल देठांची एक जुडी दिली. रुबार्ब म्हणतात. ते लोक त्यात साखर घालून गोड करतात. मी चाखून बघितलं, थेट आपला चुका! मग डाळ-दाणे घालून त्याची पातळ भाजी केली आणि वाटीभर परत दिली. दुसऱ्या दिवशी त्या मोठं भांडं घेऊन आल्या.

माझं शिक्षण सातवी. इंग्रजी मी पेपर, टीव्ही आणि सुनेचे फोन ऐकून उचललेलं. नोराबाईंचं इंग्रजी आयर्लंडचं, मंदारलासुद्धा निम्मं कळायचं नाही. मला सगळं कळायचं, कारण मला कुणाचंच इंग्रजी निम्म्याहून जास्त कळत नाही आणि उरलेलं मी लावून घेते.

एकदा मी अजिंक्यताऱ्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "आमच्या शेतात एक होता."

मला वाटलं, बैल.

"किल्ला," त्या म्हणाल्या. "टॉवर. पाच मजली. खाली गाई बांधायचो, वर कावळे."

त्यांचा जिल्हा क्लेअर. तिथे म्हणे असे दगडी मनोरे गावोगाव, शेतातच उभे. पूर्वी प्रत्येक जरा बऱ्या घराण्याने आपापला बांधला. कशासाठी? तर शेजारच्या घराण्याची गुरं पळवून आणायची आणि मग आत बसायचं.

"म्हणजे गढी," मी म्हटलं. "आमच्या देशमुखांची."

"ते काय करायचे?"

"साधारण हेच."

मग काय, आमचा दिवस जाऊ लागला. त्यांच्या गढीत दारावरच्या छताला भोक, आत शिरणाऱ्याच्या डोक्यात वरून दगड टाकायला. आमच्याकडे दोन बुरुजांच्या आड दरवाजा लपवलेला, हत्तीला धावत येता येऊ नये म्हणून. त्यांच्याकडे गोल जिना, इतका अरुंद की वर येणाऱ्याला तलवार फिरवता येऊ नये. आणि त्यात एक पायरी मुद्दाम कमी-जास्त उंचीची, परका माणूस अडखळावा म्हणून. मी म्हटलं, आमच्या गडांवर सगळ्याच पायऱ्या तशा आहेत, आम्ही आपला-परका करत नाही.

लहानपणी त्या तो जिना दिवसातून तीनदा चढायच्या. वरून समुद्र दिसायचा आणि बाजारातून परतणारा बापही. बाप कसा चालतोय त्यावरून आज घरी काय होणार ते वरच कळायचं.

हे सगळं छान चाललं होतं, आणि ऑक्टोबर उजाडला तशी आयलीनने ड्युनेडिनच्या एका रेस्ट होममध्ये आईसाठी खोली धरून ठेवली. रेस्ट होम म्हणजे आपला वृद्धाश्रम, पण तिथे त्याची लाज वाटत नाही, लोक हौसेने बघायला जातात. मी आपल्या पद्धतीने विचारलं, "मुलीकडेच का नाही राहायला जात?"

"मुलीकडे?" नोराबाई म्हणाल्या. "चार दिवसांत दोघींतली एकच जिवंत राहील. बहुतेक ती मी नसेन."

मुलाच्या घरी राहत असल्यामुळे मी पुढे काही बोलले नाही.

आयलीनचं म्हणणं, आईला एकटीला झेपत नाही. खुब्याचा सांधा बदललेला. नोराबाईंचं म्हणणं, सगळं झेपतं. शेवटी फोनवर भांडता भांडता ठरलं ते असं: ड्युनेडिनजवळ डोंगरावर एक किल्ला आहे, त्याच्या मनोऱ्याला दगडी गोल जिना आहे. नोराबाई तो शेवटपर्यंत चढल्या तर हॉर्नबीतच राहणार. नाही चढल्या तर खोली घ्यायची. आयलीनला अरुंद जागेत घाबरायला होतं, ती खालीच थांबणार होती. म्हणून पंच मी.

"मालती खोटं बोलत नाही," असं नोराबाईंनीच तिला सांगितलं. याचा त्यांना नंतर बराच पस्तावा झाला.

आमच्याकडे तीन आठवडे होते. हॉर्नबीत जिना शोधायचा म्हणजे अवघड, सगळी घरं बैठी. नोराबाईंच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. त्या तीन पायऱ्या रोज छत्तीस वेळा, म्हणजे बरोबर एक माळ. त्यांचीही जपमाळ आहे, पण ती साठेक मण्यांची. मी म्हटलं, किल्ला चढायचाय ना, मग माझी घ्या. मी खुर्चीवर बसून मणी ओढायचे आणि त्या चढ-उतार करायच्या. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने, म्हणजे वाण्याने, एकदा दूध आणून देताना हे पाहिलं आणि त्याला वाटलं मी त्यांना काही शिक्षा दिलीय.

ओमारू

लेबर डेची सुट्टी जोडून तीन दिवस मिळाले. केतकीला ऑफिसचं काम निघालं, म्हणून मंदार, नोराबाई आणि मी निघालो. नोराबाई पुढच्या सीटवर, मी मागे, माझ्या शेजारी सामान.

सामानाबद्दल सांगायला हवं. किल्ल्यावर जायचं म्हणजे काय न्यायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. ज्वारीचं पीठ, तवा, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, चार कांदे, गूळ, दोन लिटर पाणी, बॅटरी, दोरी आणि काठी.

"आई, तिथे कॅफे आहे," मंदार म्हणाला.

"गडावर?"

"गाडी दारापर्यंत जाते."

मी दोरी घरी ठेवली.

वाटेत नद्या लागल्या, रुंद, दगडगोट्यांच्या, पाणी मात्र वेण्या घातल्यासारखं चार ठिकाणी बारीक बारीक. एका गावात चीज रोल खाल्ला. पावाच्या स्लाइसला चीज लावून गुंडाळायचं आणि भाजायचं. नोराबाईंनी तीन खाल्ले. मी एक खाल्ला आणि त्यात ठेचा असता तर, असा विचार केला. मग ठेचा होताच, म्हणून आणखी दोन खाल्ले.

मुक्काम ओमारूला. या गावात जुन्या इमारती पांढऱ्या दगडाच्या, बँकेलासुद्धा देवळासारखे खांब. मी एका बँकेपाशी सवयीने चप्पल काढणार होते.

सकाळी सहाला उठून मी मोटेलच्या ओट्यावर भाकरी टाकली. दुसरी भाकरी फुगली आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. मंदार टॉवेल घेऊन उड्या मारतोय, नोराबाई नर्सच्या आवाजात "सगळे बाहेर!" म्हणून ओरडतायत, आणि दारात मोटेलचा मालक, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. मी त्याला सॉरी म्हटलं आणि एक भाकरी हातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, खाल्ली, छतावरचं यंत्र काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "स्वीट अ‍ॅज." म्हणजे सगळं ठीक. यंत्र निघायच्या आधी मी पुढची भाकरी थापली होती.

गाडीत नोराबाईंनी मान मागे वळवली. मग म्हणाल्या, "मालती, समज मी नाही चढले. तर तू दिवसभर काय करशील?"

मी म्हटलं, "फ्रीज आहे."

किल्ला

रस्ता डोंगराच्या पाठीवरून जातो, खाली दोन्ही बाजूंना पाणी. सह्याद्रीत समुद्र शिरला तर असं दिसेल. वर पोहोचलो तर खरंच गाडी दारापर्यंत गेली. बाग, फुलझाडं, हिरवळ, सिंह. दगडाचे. तटबंदी नाही, खंदक नाही. कुणा श्रीमंत माणसाने राहायला बांधलेलं मोठं घर, त्याला डोक्यावर एक मनोरा.

नोराबाईंनी कंबरेवर हात ठेवून ते बघितलं. "याला शत्रूच नव्हता," त्या म्हणाल्या.

आयलीन वाट बघत होती. साठीला टेकलेली, उंच, आईसारखीच हनुवटी. आईने तिच्या गालाचा पापा घेतला आणि दोघी एकमेकींच्या बुटांकडे बघत उभ्या राहिल्या. आयलीन म्हणाली, "आई, नाही गेलीस तरी चालेल." नोराबाई म्हणाल्या, "कॉफी घे जा." इतक्या प्रेमाने भांडणारी माणसं मी सासरीसुद्धा पाहिली नाहीत.

मंदार आयलीनबरोबर खाली थांबला. मी पाठीला पिशवी लावली, हातात काठी घेतली. तिकिटाच्या बाईने माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं. मग आत सोडलं. सोबत एक्याऐंशी वर्षांच्या बाई असल्या की लोक बरंच चालवून घेतात.

पहिले मजले साधे होते, रुंद जिने, कठडा. नोराबाई माळेच्या तालात चढल्या, मी मागून आकडे म्हणत. मग एक छोटं दार आलं आणि त्याच्या आत तो गोल जिना.

इथे माझी चूक मला कळली. तीन आठवडे आम्ही सरळ पायऱ्यांचा सराव केला होता. गोल जिन्यात पायरी एका बाजूला हातभर, दुसऱ्या बाजूला बोटभर. पाऊल ठेवायचं तर प्रत्येक वेळी कंबर वळवायची, आणि त्यांचा बदललेला सांधा सरळ जायला राजी, वळायला नाही. साताऱ्यात जन्म काढून मला हे आधी सुचू नये!

त्या तरी चढत राहिल्या. भिंतीला पंजा लावून, एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर, मग श्वास. वरून एक तरुण जोडपं उतरत होतं, ते भिंतीला पालीसारखं चिकटून उभं राहिलं. "नो वरीज," म्हणाले. आम्हाला पुढे सरकायला इतका वेळ लागला की त्यांनी ते तीनदा म्हटलं.

एका वळणावर भिंतीत खिडकीचा कोनाडा होता. नोराबाई त्यात बसल्या.

"जरा बसूया," मी म्हटलं.

"बसूया नाही," त्या म्हणाल्या. "झालं. हा पाय आता माझा नाही."

वरून उजेड येत होता, पायऱ्यांच्या कडांवर पांढरा. त्या तिकडे बघत होत्या.

"आमच्याकडे अगदी असाच यायचा," त्या म्हणाल्या. मग, "जा, किती राहिल्यात मोजून ये."

मी वर गेले. नऊ. वर वारा असा की पदर तोंडावर, आणि खाली निळं पाणी, हिरव्या टेकड्या, चिमूटभर घरं. मी बघितलं असेल दहा-बारा श्वास. एकटीने बघायला कसंतरी वाटलं, म्हणून खाली आले.

"नऊ."

"नऊ म्हणजे काहीच नाही," नोराबाई म्हणाल्या. "नऊ आणि शून्य यांत काय फरक? तू वर जाऊन आलीस, वरून काय दिसतं ते मला सांग, मी आयलीनला सांगेन."

मी पिशवी उघडली. गड चढला की भाकरी खायची, आणि हे जे काही होतं ते चढून झालं होतं. इथे खायला बंदी असेल तर पाटी असेलच, पण माझा चष्मा गाडीत राहिला होता. अर्धी अर्धी भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. नोराबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या म्हणाल्या कांद्याचं.

मग मी त्यांना माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. सासूबाईंना सज्जनगड चढवेना. त्यांनी पायथ्याच्या पहिल्या पायरीला हात लावला, डोकं टेकवलं आणि घरी आल्या. पुढे आयुष्यभर त्या 'मी सज्जनगडाला जाऊन आले' असंच म्हणायच्या, आणि उभ्या साताऱ्यात त्यांना कुणी 'कुठपर्यंत' म्हणून विचारलं नाही. आमच्याकडे पायरीचं दर्शन चालतं.

नोराबाईंनी ऐकलं. मग कोनाड्यातून वाकून त्यांनी समोरच्या, पहिल्या न चढलेल्या पायरीला हात लावला. आमच्यासारखा नमस्कार नाही केला. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला.

उतरताना मी पुढे, त्या माझ्या खांद्याला धरून. माझे गुडघे असे बोलत होते की मागच्या माणसांना ऐकू गेलं असेल.

खाली हिरवळीवर आयलीन उठून उभी राहिली. तिने आईला विचारलंच नाही. मला विचारलं, "पोहोचली?"

नोराबाई आपल्या बुटांकडे बघत होत्या. मंदार माझ्या बाजूला येऊन, तोंडावर हसू ठेवून, मराठीत म्हणाला, "आई, हो म्हण. दोन अक्षरंही नाहीत."

खरं सांगते, माझ्या तोंडात हो आलेलंच होतं. सासूबाईंचं उदाहरण होतं. हॉर्नबीतलं घर होतं. साडेसात ते साडेपाच होते. पण आयलीन जशी बघत होती तशीच मी मंदारकडे बघते, तो व्हिडिओ कॉलवर 'मी मजेत आहे' म्हणतो तेव्हा.

"नऊ राहिल्या," मी म्हटलं.

नोराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या दारावरच्या भोकातून दगड कसे पडत असतील ते मला कळलं.

मग मी घाईघाईने पायरीच्या दर्शनाचं सांगायला लागले. इंग्रजी संपलं. मंदारला म्हटलं, सांग तिला. तो बिचारा इंजिनिअर, लाजून लाल होत सज्जनगड समजावू लागला. "म्हणजे, धार्मिक दृष्ट्या, ती पोहोचली आहे," असं काहीतरी म्हणाला.

आयलीनने सगळं ऐकून घेतलं. मग ती आईला म्हणाली, "गेल्या वर्षी तू न्हाणीघरात पडलीस, ते मला चार महिन्यांनी डॉक्टरकडून कळलं. मी विचारलं की तू म्हणतेस ठीक आहे. पाच वर्षं सगळं ठीक आहे." तिने नाक पुसलं. "मला आज पहिल्यांदा कुणी आकडा सांगितला."

एक मोर हिरवळीवरून गेला असता तर बरं झालं असतं, पण नाही गेला.

"नऊ," आयलीन म्हणाली. "ईस्टरपर्यंत मुदत, मग पुन्हा चढायचं. ती खोली कुणाला तरी दुसऱ्याला देऊ दे. पण दर रविवारी मला खरं कळायला हवं. ही सांगेल."

अशी मी पंचाची हेर झाले.

परत

परतीच्या वाटेवर नोराबाई माझ्याशी टिमारूपर्यंत बोलल्या नाहीत. म्हणजे दोन-अडीच तास. टिमारूला त्यांनी न वळता हात मागे केला आणि म्हणाल्या, "कांदा आहे का?"

त्याच आठवड्यात दिवाळी होती. मी त्यांच्या परसात, त्या तीन पायऱ्यांशेजारी, मातीचा किल्ला केला. मी डोंगर केला आणि तटबंदी घालायला घेतली, तर त्या काठीने दाखवून म्हणाल्या, नको, मनोरा कर, उंच, सरळ. दिवसभर वाद झाला. शेवटी साताऱ्याच्या डोंगरावर क्लेअरची गढी उभी राहिली. वर मी मावळा ठेवला, खाली त्यांनी प्लास्टिकची गाय. अळीव पेरले ते चौथ्या दिवशी उगवले, आणि गाय त्यात दिसेनाशी झाली.

सराव पुन्हा सुरू केला, पण आता वळून. परसात मधोमध बादली ठेवायची आणि तिच्याभोवती पायरीसारखी पावलं टाकत फिरायचं. रविवारी मी आयलीनला फोन करायची. बुधवारी चक्कर आली. शुक्रवारी गोळी विसरली. नोराबाई शेजारी बसून ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "चक्कर नव्हती, मी मुद्दाम बसले." जानेवारीपर्यंत त्या स्वतःच फोन घेऊन सांगायला लागल्या, मी फक्त मान हलवायची. फेब्रुवारीत व्हिसा संपला तशी मी परत आले.

ईस्टरच्या शनिवारी मी साताऱ्याला सकाळी अंगणात तांदूळ निवडत होते, आणि फोन वाजला. पलीकडे नोराबाई. आवाज दगडात बसल्यासारखा घुमत होता.

"कुठे आहात?"

"कोनाड्यात नाही. कोनाडा खाली राहिला. आयलीन इथेच आहे, माझ्या मागच्या पायरीवर. डोळे मिटून बसलीय. तिने डबा आणलाय."

"काय डब्यात?"

"ब्रेड, चीज, कांदा."

"किती राहिल्या?"

"पाच."

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं. "नोराबाई, खरं सांगा."



"सहा," त्या म्हणाल्या.